पुण्याहून दुसऱ्या राज्यात जाताना गाडीचा विमा: हप्त्याची तुलना आणि कागदपत्रे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शाळांच्या वार्षिक परीक्षा आटोपल्या की पुण्यातून बंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, गोवा किंवा दिल्लीकडे बदली झालेल्या कुटुंबांची बांधाबांध सुरू होते आणि त्याच सुमारास गाडीच्या विम्याविषयीचे प्रश्नही येऊ लागतात. खालील प्रश्न वाचकांनी वेळोवेळी पाठवलेले आहेत. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि जिथे दोन उत्तरे एकमेकांत मिसळतात तिथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. येथील सर्व माहिती खासगी वापराच्या चारचाकी गाड्यांपुरती आहे. टॅक्सी आणि मालवाहू गाड्यांचे नियम व दर वेगळे असतात.

१. राज्य बदलले की माझ्या गाडीच्या विम्याचा हप्ता आपोआप वाढतो का?

नाही. भारतात घेतलेली गाडीची पॉलिसी संपूर्ण भारतात चालते, त्यामुळे पुण्यात काढलेली पॉलिसी गाडी बंगळुरूला पोहोचली म्हणून रद्द होत नाही आणि तिचा हप्ताही त्या दिवशी बदलत नाही. हप्त्याचा प्रश्न येतो तो दोन वेळा: गाडीला नव्या राज्याचा नंबर मिळतो तेव्हा, आणि पॉलिसीचे नूतनीकरण करताना.

या दोन्ही वेळी हप्त्याचे भाग वेगळे करून पाहावेत. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा, दर देशभर एकच आहे. वस्तू व सेवा कर खासगी गाडीच्या विम्यावर सर्वत्र १८ टक्के आहे. ठिकाणानुसार हलतो तो फक्त ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईचा भाग आणि त्यावर घेतलेली ॲड-ऑन संरक्षणे. तुलना करायची ती एवढ्याच भागाची.

२. कर्नाटकात थर्ड पार्टी विमा महाग आहे, असे ऐकले. ते खरे आहे का?

खरे नाही. थर्ड पार्टीचे दर केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवते आणि त्यात राज्याचा किंवा शहराचा विचारच नसतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १,००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीला ३,४१६ रुपये आणि त्यावरच्या गाडीला ७,८९७ रुपये असे दर आहेत. विजेवरच्या गाड्यांचे दर सीसीऐवजी मोटारीच्या किलोवॉट क्षमतेवर ठरतात आणि त्यात १५ टक्के सवलत धरलेली आहे. नूतनीकरणाच्या वेळी त्या वर्षीची अधिसूचना पाहून घ्यावी, परंतु दर बदलला तरी तो पुणेकराला आणि बंगळुरूकराला सारखाच बदलतो.

नवी गाडी घेताना १ सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. तुमची गाडी तीन वर्षांच्या आतली असेल, तर हा भाग आधीच भरलेला आहे आणि तुलना फक्त ओन डॅमेजच्या वार्षिक पॉलिसीची करायची आहे.

३. मग ओन डॅमेजच्या हप्त्यात शहराप्रमाणे फरक का पडतो?

जुन्या मोटार दरपत्रकात खासगी गाड्यांसाठी देशाचे दोन झोन केलेले होते. झोन ‘अ’मध्ये आठ शहरे होती: अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे. उरलेला सगळा देश झोन ‘ब’मध्ये होता. झोन ठरत असे तो गाडीची नोंदणी ज्या कार्यालयात झाली त्यावरून. गाडी प्रत्यक्षात कुठे फिरते याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

१ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर खुले झाले आणि प्रत्येक कंपनी आपापले दर ठरवू लागली. तरीही झोनचा रकाना पॉलिसीवर आजही दिसतो. त्याच्या जोडीला कंपन्या त्या आरटीओच्या हद्दीतील गाड्यांचे अपघात, चोऱ्या, पुराचे दावे आणि वर्कशॉपमधील मजुरीचा खर्च यांचा स्वतःचा अनुभव लक्षात घेतात. एका कंपनीला एखाद्या शहरात मोठा तोटा झालेला असतो आणि दुसरीला त्याच शहरात ग्राहक वाढवायचे असतात. त्यामुळे ‘अमुक राज्य महाग, तमुक स्वस्त’ असे सरसकट विधान टिकत नाही. पुण्यात जी कंपनी तुम्हाला सर्वांत स्वस्त पडत होती, तीच हैदराबादेत स्वस्त पडेल असे धरून चालू नये.

४. झोनमुळे पडणारा फरक रुपयांत साधारण किती असतो?

पुष्कळ वाचकांना वाटतो त्यापेक्षा खूपच कमी. जुन्या दरपत्रकात पाच वर्षांच्या आतल्या, १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीचा मूळ दर झोन ‘अ’मध्ये आयडीव्हीच्या ३.२८३ टक्के आणि झोन ‘ब’मध्ये ३.१९१ टक्के होता. आयडीव्ही म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. ही किंमत सहा लाख रुपये असेल, तर पहिला आकडा १९,६९८ रुपये येतो आणि दुसरा १९,१४६ रुपये. फरक ५५२ रुपयांचा. आज मूळ दरावर कंपन्या मोठी सूट देतात, त्यामुळे झोनमुळे पडणारा फरक आणखी आक्रसतो.

पुणे स्वतःच वरच्या झोनमध्ये असल्याने पुण्याहून बंगळुरू, हैदराबाद, चेन्नई किंवा दिल्लीला जाणाऱ्याचा झोन बदलतच नाही. गोवा, इंदूर किंवा कोची येथे जाणाऱ्याचा झोन खाली येतो. कोल्हापूर किंवा साताऱ्याची नोंदणी असलेली गाडी बंगळुरूला नेणाऱ्याचा मात्र वर जातो. तुमच्या गाडीसाठी कंपनीने कोणता झोन धरला आहे, ते पॉलिसीच्या पहिल्या पानावर पाहावे. विशेषतः पिंपरी-चिंचवड आणि आसपासच्या आरटीओंची नोंदणी असेल तर अंदाज न करता तो रकाना वाचावा.

या ५५२ रुपयांच्या बाजूला प्रश्न ६ मधला नो क्लेम बोनसचा आकडा ठेवून पाहावा, म्हणजे लक्ष कुठे द्यायचे ते कळेल.

५. पुण्याचे आणि नव्या शहराचे कोटेशन शेजारी ठेवून तुलना कशी करावी?

बहुतेकांची चूक इथेच होते. दोन कोटेशनमधील अखेरची रक्कम पाहून निर्णय घेतला जातो आणि कमी हप्त्याच्या कोटेशनमध्ये आयडीव्हीच साठ-सत्तर हजारांनी कमी धरली आहे, हे गाडी चोरीला गेल्यावर लक्षात येते.

आधी आयडीव्ही सारखी करून घ्यावी. गाडीच्या सध्याच्या शोरूम किमतीतून वयानुसार घसारा वजा करून ती काढतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. त्यापुढे ती कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते आणि म्हणूनच पाच वर्षांपुढच्या गाडीच्या दोन कोटेशनमध्ये सर्वांत मोठी तफावत इथेच सापडते.

त्यानंतर वजावट पाहावी, म्हणजे दावा करताना आपल्या खिशातून भरायची रक्कम. सक्तीची वजावट १,५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यावर २,००० रुपये असते. ऑनलाइन कोटेशनमध्ये काही वेळा त्यावर स्वेच्छेची वजावट आधीच निवडलेली असते आणि त्यामुळे हप्ता कमी दिसतो. ॲड-ऑनची यादीही सारखी असली पाहिजे. एका बाजूला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचे ॲड-ऑन, असेल आणि दुसऱ्या बाजूला नसेल, तर ती तुलनाच होत नाही, कारण झिरो डेप नसताना रबर व प्लास्टिकच्या भागांवर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापला जातो. आजच्या गाड्यांचे बंपर प्लास्टिकचेच असतात.

कंपनीच्या किंवा ॲग्रिगेटरच्या, म्हणजे अनेक कंपन्यांचे दर एकत्र दाखवणाऱ्याच्या, संकेतस्थळावर कोटेशन काढताना गाडीचा सध्याचा नंबर टाकला, तर पुण्याच्या आरटीओचाच दर येईल. नव्या शहराचा अंदाज हवा असेल, तर नंबर न टाकता गाडीचे मॉडेल, वर्ष आणि नवा आरटीओ, उदाहरणार्थ केए ०३, निवडून कोटेशन काढावे. हे केवळ अंदाजासाठी आहे. पॉलिसी घेताना आरसीवर जो नंबर आहे तोच द्यावा लागतो. याविषयी प्रश्न १७ पाहावा.

शेवटी पाहावे ते कॅशलेस गॅरेज. कंपनीची देशभरात किती गॅरेजे आहेत हा आकडा जाहिरातीसाठी ठीक आहे. तुम्ही राहायला जाणार त्या घरापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या आत तुमच्या गाडीच्या कंपनीचे वर्कशॉप त्या यादीत आहे की नाही, हे पाहावे. माझ्या मते हप्त्यातील पाचशे-सातशे रुपयांपेक्षा ही बाब महत्त्वाची आहे, कारण नव्या गावात भाषा आणि रस्ते दोन्ही अनोळखी असताना पैसे आधी भरून मग परतावा मागत बसण्याचा त्रास दुप्पट वाटतो.

६. राज्य बदलले किंवा विमा कंपनी बदलली तर माझा नो क्लेम बोनस जाईल का?

जाणार नाही. हा बोनस गाडीच्या नंबराला किंवा राज्याला जोडलेला नसून विमाधारकाचा असतो. दाव्याविना एक वर्ष गेल्यास ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के, दोन वर्षांनी २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के सूट मिळते. कंपनी बदलताना जुन्या पॉलिसीची आणि नूतनीकरणाच्या सूचनेची प्रत दिली की नवी कंपनी ही सूट पुढे चालू ठेवते.

बोनस जातो तो उशिरामुळे. पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांच्या आत नूतनीकरण झाले नाही, तर साठवलेली सगळी सूट शून्यावर येते. समजा कंपनीची सूट वजा जाता तुमचा ओन डॅमेजचा हप्ता ८,००० रुपये आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांच्या पायरीवर आहात. बदलीच्या धावपळीत तीन महिने निघून गेले, तर पहिल्याच वर्षी ४,००० रुपयांचा फटका बसतो आणि पुन्हा त्या पायरीवर पोहोचायला पाच वर्षे लागतात.

मागील वर्षी दावा घेतलेला असताना नव्या कंपनीला ‘दावा नाही’ असे सांगून बोनस घेऊ नये. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खातरजमा करू शकते आणि खोटे आढळल्यास ओन डॅमेजचा दावा नाकारला जाऊ शकतो.

७. एमएच १२ चा नंबर दुसऱ्या राज्यात किती काळ चालतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची असेल, तर तिथल्या नोंदणी प्राधिकरणाकडे नवा नंबर घेण्यासाठी अर्ज करावा लागतो. पत्ता बदलल्याची सूचना मात्र कलम ४९ नुसार ३० दिवसांत द्यायची असते. सहा-आठ महिन्यांच्या प्रकल्पासाठी जाणाऱ्यांनी नंबर बदलण्याच्या खटपटीत पडू नये, असे माझे मत आहे. भाडेकरार, कंपनीचे नेमणुकीचे पत्र आणि गाडी त्या राज्यात आल्याचा दिनांक दाखवणारी टोलची पावती एवढे मात्र गाडीत ठेवावे, म्हणजे रस्त्यावर तपासणी झाली तर मुक्काम किती दिवसांचा आहे हे सांगता येते.

८. पुण्याच्या आरटीओकडून एनओसी घेताना विम्याचा काय संबंध येतो?

संगम पुलाजवळील आरटीओ कार्यालयाकडे फॉर्म २८ भरून ना हरकत प्रमाणपत्र मागताना चालू विम्याची प्रत लागते. पॉलिसी संपलेली असेल तर काम तिथेच थांबते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमतीही लागते, आणि प्रलंबित ई-चलने भरून टाकावीत. एनओसी हाती आली की नव्या राज्यात फॉर्म २७ भरून नंबर मागायचा असतो, आणि तिथेही विम्याची प्रत पुन्हा लागते. म्हणून एनओसीच्या अर्जाच्या दिवशी पॉलिसीचे किमान तीन-चार महिने शिल्लक असावेत, असे नियोजन करावे.

९. नवा नंबर मिळाला, पण विमा कंपनीला कळवायचे राहिले. दावा नाकारतील का?

पॉलिसीत गाडीची खरी ओळख चासी नंबर आणि इंजिन नंबर यांवरून पटते आणि हे दोन्ही नंबर राज्य बदलल्याने बदलत नाहीत. त्यामुळे केवळ नोंदणी क्रमांक जुना राहिला एवढ्यावरून विमा संपुष्टात येत नाही. मात्र पाटीवर एक नंबर आणि पॉलिसीवर दुसरा असेल, तर गॅरेजमध्ये कॅशलेस मंजुरी अडते, सर्वेक्षक स्पष्टीकरण मागतो आणि गाडी दिवसचे दिवस उभी राहते. शिवाय रस्त्यावर तपासणी झाली, तर नव्या नंबरावर ऑनलाइन विमाच दिसत नाही. विमा नसताना गाडी चालवल्यास कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा आढळल्यास दंड ४,००० रुपये अशी तरतूद आहे. विमा असूनही तो सिद्ध करत बसण्याची वेळ येऊ नये.

म्हणून नवी आरसी हाती आली की त्याच आठवड्यात कंपनीकडे एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीवर बदलाची अधिकृत नोंद, मागावे. त्यासाठी नवी आरसी, जुनी आरसी किंवा एनओसीची प्रत आणि नव्या पत्त्याचा पुरावा लागतो. झोन वर गेला असेल तर उरलेल्या दिवसांचा फरक कंपनी मागू शकते. पुण्याच्या नोंदणीबाबत तो प्रश्न का उद्भवत नाही, ते प्रश्न ४ मध्ये आले आहे.

एक गोष्ट हमखास राहून जाते. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एका कंपनीचा आणि ओन डॅमेज दुसऱ्या कंपनीचा असेल, तर एंडोर्समेंट दोन्ही कंपन्यांकडे करावे लागते. कर्ज चालू असेल तर बँकेला आणि फास्टॅग देणाऱ्या बँकेलाही नवा नंबर कळवावा.

१०. पॉलिसी नेमकी स्थलांतराच्या महिन्यात संपते आहे. नवा नंबर येईपर्यंत थांबू का? किंवा मध्येच रद्द करून तिकडे नवी घेऊ का?

थांबू नये. ज्या दिवशी पॉलिसी संपते त्या दिवशी आरसीवर जो नंबर आहे, त्याच नंबरावर नूतनीकरण करावे आणि नंतर एंडोर्समेंट करून घ्यावे. एक दिवसाचाही खंड पडला तर ओन डॅमेजसाठी कंपनी गाडीची तपासणी मागते, आणि सामान ट्रकमध्ये असताना तपासणीची वेळ जुळवणे किती कठीण जाते, हे अनेक वाचकांनी कळवले आहे.

मुदतीआधी पॉलिसी रद्द करण्याचा हक्क आहे. विमा नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाला कारण न देता पॉलिसी रद्द करता येते आणि एक वर्षापर्यंतच्या पॉलिसीवर दावा झालेला नसेल, तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात हप्ता परत मिळतो. परंतु थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा असल्याने दुसरी पॉलिसी हाती असल्याशिवाय तो भाग सोडता येत नाही. प्रश्न ४ मधला हिशेब पाहता केवळ राज्य बदलले म्हणून चालू पॉलिसी मोडण्याइतकी बचत बहुधा होत नाही.

११. गाडी चालवत न नेता कार कॅरिअरने पाठवणार आहे. वाटेत नुकसान झाले तर?

सर्वसमावेशक पॉलिसीतील ओन डॅमेजच्या भागात रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट किंवा विमानाने गाडी नेली जात असताना झालेले नुकसान समाविष्ट असते. केवळ थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर काहीही मिळत नाही. गाडी देताना सर्व बाजूंची छायाचित्रे काढावीत, किलोमीटरचा आकडा चलनावर लिहून घ्यावा आणि गाडीत घरचे सामान भरू नये, कारण ते सामान या पॉलिसीत येत नाही. वाहतूकदार जो ‘ट्रान्झिट विमा’ म्हणून वेगळी रक्कम घेतो, त्याचे प्रमाणपत्र मागावे. ते न देणाऱ्याला ही रक्कम देऊ नये.

१२. बंगळुरू आणि चेन्नईत पाणी साचते म्हणतात. पुण्यात घेतलेला विमा पुरेसा आहे का?

पुणेकरांना हा विषय नवा नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी भागात गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत तेच फार मोठ्या प्रमाणावर घडले.

पुरामुळे झालेले नुकसान ओन डॅमेजमध्ये येते. वाद होतो तो इंजिनावरून. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला, इंजिनात पाणी शिरले आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर कंपन्या ते परिणामी नुकसान मानून नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन असते. सखल भागातील सोसायटीत तळघरातले पार्किंग मिळणार असेल, तर ते घ्यावेच, असे मी आग्रहाने सांगेन. पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या पोडियमवर गाडी लावणाऱ्याने ते घेतले नसेल तर त्यात काही चुकले नव्हते. घर बदलले की जोखीम बदलते आणि नूतनीकरणात तेही बदलले पाहिजे.

१३. माझी बदली दर दोन-तीन वर्षांनी होते. बीएच नंबर घेतला तर विमा स्वस्त पडेल का?

बीएच मालिका १५ सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली. केंद्र आणि राज्य सरकारांचे, संरक्षण दलांचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत वा केंद्रशासित प्रदेशांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना हा नंबर मिळू शकतो. त्याचा लाभ विम्याच्या दरात नसून नंबर बदलावा न लागण्यात आहे: एनओसी नाही, दुसऱ्या राज्याचा एकरकमी कर नाही आणि प्रत्येक बदलीनंतरचे नंबराचे एंडोर्समेंटही नाही. रस्ता कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो. पत्त्यातील बदल विमा कंपनीला तरीही कळवावा लागतो.

१४. नव्या राज्यात भरलेला रस्ता कर विम्यातून परत मिळतो का?

नाही. आयडीव्ही काढताना नोंदणीचा खर्च आणि रस्ता कर धरलेला नसतो. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर आयडीव्हीएवढीच रक्कम मिळते. ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे ॲड-ऑन असेल, तर मूळ बिलाची रक्कम आणि कंपनीच्या अटींप्रमाणे नोंदणी व कराचा खर्च मिळतो. परंतु दुसऱ्या राज्यात पुन्हा भरलेला कर त्यात येतो का, हे कंपनीला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे. महाराष्ट्रात एकरकमी भरलेल्या कराचा उरलेल्या काळाचा परतावा मात्र नव्या राज्यात नोंदणी झाल्यावर पुण्याच्या आरटीओकडे मागता येतो. हा परतावा विम्यातील कोणत्याही बचतीपेक्षा मोठा असतो आणि बरेच जण तो मागतच नाहीत.

१५. मी हैदराबादला जातोय, पण गाडी पुण्यात आई-वडिलांकडे राहील. काही बदल करावा लागेल का?

गाडी पुण्यातच राहणार असल्याने नंबर आणि झोन बदलत नाहीत. वैध परवाना असलेली कोणतीही व्यक्ती मालकाच्या संमतीने गाडी चालवत असेल, तर विमा लागू राहतो. मात्र १५ लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण हे मालक-चालकापुरते असते. वडील गाडी चालवणार असतील, तर त्यांच्यासाठी आणि प्रवाशांसाठी वेगळे संरक्षण जोडून घ्यावे. गाडी महिन्यातून दोनदाच बाहेर निघणार असेल, तर किलोमीटरनुसार हप्ता ठरणारे ॲड-ऑन विचारात घ्यावे. विमा नियामकाने त्याला जुलै २०२२ मध्ये मुभा दिली आहे.

१६. पुण्यातली गाडी विकून तिकडे नवी घेणार आहे. बोनसचे काय?

विक्रीनंतर जुन्या कंपनीकडून नो क्लेम बोनस राखून ठेवल्याचे पत्र घ्यावे. ते तीन वर्षे चालते आणि कोणत्याही राज्यात, कोणत्याही कंपनीकडे नव्या गाडीसाठी वापरता येते. गाडी विकत घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीला कळवायचे असते. तुमचा बोनस त्याला मिळत नाही.

१७. गाडी सातारच्या काकांच्या पत्त्यावर दाखवून किंवा कोटेशनमध्ये लहान गावाचा आरटीओ निवडून हप्ता कमी करता येईल का?

करू नये. विमा हा परस्पर विश्वासाचा करार आहे आणि प्रस्तावात दिलेली चुकीची माहिती दावा नाकारण्यास कारण ठरू शकते. प्रश्न ४ मधल्या हिशेबाप्रमाणे वाचतात ते काही शे रुपये, आणि पणाला लागते ती सहा लाखांची भरपाई. हेच बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटलाही लागू आहे. पुण्यात किट बसवून ते आरसीवर आणि पॉलिसीवर चढवलेले नसेल, तर राज्य बदलण्यापूर्वी दोन्हीकडे नोंद करून घ्यावी. थर्ड पार्टीत त्यासाठी वर्षाला अवघे ६० रुपये जास्त पडतात आणि ओन डॅमेजमध्ये जुन्या दरपत्रकाप्रमाणे किटच्या किमतीच्या ४ टक्के.

१८. अकरा वर्षांची डिझेल गाडी दिल्लीला नेऊ का?

विम्याचा विचार करण्याआधीच इथे थांबावे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्या चालवण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. अंमलबजावणीच्या आदेशांत नंतर बदल होत गेले आहेत, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यातील स्थिती दिल्ली परिवहन विभागाकडून तपासावी. अशी गाडी पुण्यातच विकून प्रश्न १६ मधील पत्र घेणे मला अधिक सुरक्षित वाटते.

१९. पॉलिसी पुण्याची, अपघात बंगळुरूत, आणि दावा नाकारला. तक्रार कुठे करायची?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. कंपनीचे संबंधित कार्यालय ज्यांच्या हद्दीत आहे ते लोकपाल किंवा तुमचे निवासस्थान ज्यांच्या हद्दीत आहे ते लोकपाल, यांपैकी कोणाकडेही तक्रार चालते. लोकपालांचे कार्यालय पुण्यात आहे आणि बंगळुरूतही आहे. म्हणजे बंगळुरूला स्थायिक झालेल्या पुणेकराला सुनावणीसाठी पुण्याला यावे लागत नाही. तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालांना आहे. कंपनीने अंतिम नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. तक्रारीत नवा पत्ता लिहावा आणि त्याचा पुरावा जोडावा. प्रश्न ९ मध्ये सांगितलेले एंडोर्समेंट झालेले असेल, तर तेही जोडावे.